नळापाशी दहा मिनिटं

नागपूर देशाच्या मधोमध आहे याचा आम्हा नागपूरकरांना फार अभिमान. बाहेरचा पाहुणा आला की आम्ही त्याला झिरो माइलचा दगड दाखवायला नेतो, आणि दगड पाहून त्याचा चेहरा पडला तरी आम्ही हटत नाही. पण मधोमध असणं म्हणजे काय, हे त्या दगडापाशी कळत नाही. ते आमच्या स्वयंपाकघरात कळतं. देशातला कुठलाही नातेवाईक वरून खाली किंवा खालून वर निघाला की त्याची गाडी आमच्या स्टेशनवरून जाते. इतर गावांत पाहुणा एक तर येतो, नाही तर येत नाही. आमच्याकडे तिसरा प्रकार आहे. पाहुणा जातो. आदल्या दिवशी त्याचा फोन येतो, "उद्या दुपारी तुमच्या नागपूरवरून चाललो हो आम्ही." पुढचं कोणी बोलत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की जेवणाचा डबा घेऊन स्टेशनवर या.

न पोचवलेला डबा आमच्या नात्यात कोणी विसरत नाही. माझ्या एका चुलतभावाला एकदा ताप होता म्हणून डबा राहिला. त्यानंतर सहा वर्षांनी त्याच्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, तो ताप खरा होता की काय, यावर पंगत उठेपर्यंत चर्चा झाली.

आमच्या घरी ही प्रथा आईने आणि मावशीने पार टोकाला नेली होती. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. दोघी उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. लहानपणी दोघी समोरासमोर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. हात चरख्यावर आणि तोंड एकसारखं चालू. पुढे आई लग्न होऊन नागपूरला आली आणि मावशी इटारसीला गेली. मावशीचा मुलगा शिकून चेन्नईला नोकरीला लागला, तेव्हापासून तिची वर्षातून एकदा तरी तिकडे चक्कर व्हायची. जाताना नागपूरला गाडी दहा मिनिटं थांबायची, येतानाही दहा मिनिटं. एकमेकींच्या घरी राहायला जाणं सासर, लेकरं आणि दुखणीखुपणी यांत हळूहळू बंदच पडलं. पण ही दहा मिनिटं कधी चुकली नाहीत. दोन बहिणींचं तीस-पस्तीस वर्षांचं बोलणं असं दहा-दहा मिनिटांनी झालं.

मी आईला आधी स्कूटरवरून आणि नंतर कारमधून स्टेशनच्या दारापर्यंत सोडायचो. ती परत येईपर्यंत बाहेर पेपर वाचत थांबायचो. आतमध्ये काय करायचं होतं मला? दोन बायका बोलणार, रडणार, आणि मला म्हणणार की किती वाळला गा तू. त्यापेक्षा पेपर बरा.

आता माझ्याविषयी. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. शाळेत सहाशे मुलं मी नुसत्या खाकरण्याने गप्प करत असे. घरी आल्यावर कळलं की माझ्या खाकरण्याला लोक कफ समजतात. निवृत्त मुख्याध्यापकाला घरात कोणी विचारत नाही, म्हणून तो समितीत जातो. मी आधी नंदनवनातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष झालो. तिथून कोणीतरी माझं नाव पुढे सरकवलं आणि स्टेशनच्या सुधारणेसाठी नेमलेल्या प्रवासी सुविधा समितीवर माझी वर्णी लागली. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. पहिला आठवडाभर मी ते घालून भाजी आणायला जात होतो.

समितीत आम्ही सात जण. एक डॉक्टर होते, ते विमानाने जायचे. एक व्यापारी होते, ते स्वतःच्या गाडीने जायचे. एक बाई होत्या, त्यांना प्रवासच सोसत नसे, पण कुंड्यांची आवड होती. बाकीच्यांविषयी मला अजूनही काही माहिती नाही, कारण ते सही करून चहा पिऊन जात. मी अधूनमधून रेल्वेने जाणारा एकटाच, त्यामुळे प्रवाशांचं दुःख जाणणारा माणूस म्हणून माझ्याकडे पाहत. मीही तसाच चेहरा करून बसत असे.

पहिल्याच बैठकीत आम्हाला पडद्यावर भविष्यातल्या स्टेशनचं चित्र दाखवलं. काचेचं छत, चकचकीत फरशी, झाडं. चित्रातल्या एकाही माणसाकडे बोचकं नव्हतं, पिशवी नव्हती, लेकरू कडेवर नव्हतं. कोणी खाली बसलेलं नव्हतं आणि कोणी काही खात नव्हतं. सगळे हसत कुठेतरी चालले होते. मला ते चित्र फार आवडलं, हे इथे कबूल करायला हवं.

मग सदस्यांनी स्वतः फिरून सूचना कराव्यात असं ठरलं. मी वही घेऊन दोन तास फिरलो आणि अकरा सूचना लिहिल्या. पंखे वाढवा, बाकांना पाठ असू द्या, फलक मोठ्या अक्षरांत लावा, वगैरे. चौथी सूचना होती ती दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, जुन्या पुलाच्या पायथ्याशी असलेल्या नळाची. दगडी कट्ट्यावर ओळीने तीन तोट्या होत्या. एक कायम गळायची. गाडी आली की माणसं तुटून पडायची. कोणी बाटल्या भरतोय, कोणी तोंड धुतोय, कोणी जेवणाचा डबा विसळतोय, बायका कट्ट्यापाशी घोळका करून गप्पा मारतायत. सगळीकडे ओल आणि चिखल. मी वहीत लिहिलं, "सदर नळामुळे स्थानकाच्या सौंदर्यास बाधा येते. गर्दी व घसरण होते. तो त्वरित काढून टाकून त्या जागी शुद्ध थंड पाण्याचे यंत्र बसवावे." सौंदर्यास बाधा हे शब्द मला स्वतःला इतके आवडले की ते मी बैठकीत दोनदा वाचले.

माझ्या अकरापैकी दहा सूचना विचाराधीन आहेत असं उत्तर आलं. चौथी मात्र आठ दिवसांत अमलात आली, म्हणजे तिचा पहिला अर्धा भाग. नळ गेला. यंत्राचं काम पुढच्या टप्प्यात आहे असं सांगण्यात आलं, आणि तोपर्यंत जुना पूल पाडून त्याच्या पायथ्याची जागा पत्रे ठोकून बंद केली. पत्र्यावर तेच चित्र छापलं होतं, काचेचं छत आणि हसणारी माणसं. समितीत माझं अभिनंदन झालं. माझी छाती एवढी फुगली की त्या पत्र्याचा फोटो काढून मी मंडळातल्या सगळ्यांना पाठवला. घरी बायकोने पाहून "बरं" म्हटलं. आईला दाखवला नाही. तिला मोबाइलमधलं नीट दिसत नाही.

जानेवारीत मावशीचा फोन आला. इटारसीचं घर सोडून ती आता कायमची मुलाकडे चेन्नईला चालली होती. वय ऐंशीच्या पुढे. एकटीने राहणं शक्य नव्हतं. मुलगा न्यायला आला होता, त्याला सुटी दोनच दिवसांची, म्हणून मध्ये नागपूरला उतरून चार दिवस राहा असं म्हणायलाही जागा नव्हती. मावशीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती फोनवर ओरडून बोलते आणि ते सगळ्या घराला ऐकू येतं.

"आता या लाइनीवर माह्यं येनं नाही होत वं," ती म्हणाली. "ही शेवटचीच चक्कर समज."

"असं नको बोलू," आई म्हणाली.

"अवं, बोलून काय होते? ये तू. नेहमीसारखी ये."

आईने फोन ठेवला आणि बराच वेळ पदराने तो पुसत बसली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी लांबचा प्रवास करायचाच नाही असं बजावलेलं. मावशी परत येणार नव्हती आणि आई तिकडे जाऊ शकणार नव्हती. उरली होती ती दहा मिनिटं. हे तिलाही कळत होतं आणि मलाही कळत होतं, आणि मला मनापासून वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी योजना आखतो. शाळेची सवय.

त्या दिवशी आई पहाटेच उठली. थंडीचे दिवस, बाजारात सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, जुड्यांनी आलेली. मावशीला सांबारवडी आवडते. बायकोने मदत करू का विचारलं तर आई म्हणाली, तू फक्त गॅस पाह्य. सारण तिने स्वतः केलं, वड्या स्वतः वळल्या, स्वतः तळल्या. डब्याच्या वरच्या कप्प्यात कढी घालायची की नाही यावर तिचं स्वतःशीच भांडण झालं. गाडीत सांडेल म्हणून शेवटी ती राहिली.

गाडी दुपारी सव्वाबाराची. साडेदहालाच आई लुगडं बदलून, डबा पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन दिवाणावर बसली.

"आई, इतक्या लवकर काहून तयार होऊन राहिली?" मी विचारलं.

"मले जिना चढाले वेळ लागते गा. एकेक पायरी करत जातो मी. अर्धा घंटा तं पुलावरच जाते."

मला हसू आलं. "आता जिना नाही चढा लागत. लिफ्ट हाय. बॅटरीची गाडी हाय. तुले काय मालूम, स्टेशन पुरं बदललं. साडेअकराले निघू, आरामात पोचतो."

बायको म्हणाली, नेऊन सोडा ना लवकर, बसतील त्या तिथे. मी तिला लिफ्टची क्षमता सांगितली. एका वेळी तेरा माणसं. ती आत निघून गेली.

मग मी मोबाइल काढला. मावसभावाने बोगीचा नंबर पाठवला होता. मी आईला म्हटलं, "बी-दोन बोगी हाय. आपन सरळ तिच्या दारापाशी जाऊन उभं राहू."

"बोगीचं मले काय सांगतं?" आई म्हणाली. मावशीला ती बाई म्हणते. "बाई नळापाशी येते."

"कोनत्या नळापाशी?"

"पुलाखालच्या. नेहमीच तथीच भेटतो आम्ही. बोगी कधी पुढं लागते, कधी मागं लागते. नळ कुठं जाते? ती उतरते अन् बाटली घेऊन नळावर येते. मी तथीच उभी राह्यतो."

मी ज्या घोळक्यामुळे स्टेशनच्या सौंदर्यास बाधा येते असं लिहिलं होतं, त्या घोळक्यात कधीकधी माझी आई आणि मावशी होत्या.

"तो नळ आता नाही हाय," मी म्हणालो.

"नाही? काहून?"

"काम चालू हाय ना स्टेशनचं." हे खोटं नव्हतं. "मी दादाले सांगतो, मावशीले बोगीतच बसवून ठेव म्हनून."

मी लगेच मावसभावाला तसा निरोप पाठवला. त्याचा अंगठा आला. अंगठा आला म्हणजे काम झालं, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

साडेअकराला निघालो. आईला सवय होती त्या दाराला कुलूप होतं आणि तात्पुरतं प्रवेशद्वार पुढे आहे अशी बाणाची पाटी होती. ती मोठ्या, ठळक अक्षरांत होती, हे मी आईला दाखवलं. तिथपर्यंत चालायला आईला बारा मिनिटं लागली. दारात सामान तपासायचं यंत्र. आई डबा सोडेना. तपासणाऱ्या बाईला ती म्हणाली, "सांबारवडी हाय बाई, पाह्य, गरम हाय." बाईने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "आजी, मशीनमधून काढावं लागते." डबा यंत्रातून गेला. पडद्यावर माझ्या आईच्या वड्या ओळीने रचलेल्या दिसल्या आणि मागच्या दोघातिघांनी त्या वाकून पाहिल्या.

मग लिफ्ट. लिफ्ट उत्तम चालू होती. मला तक्रारीला जागाच नाही. ती तेरा माणसं घेत होती आणि तिच्यापुढे साठेक माणसं उभी होती. त्यांतली निम्मी धडधाकट, कॉलेजातली, पाठीवर एक छोटी बॅग. मी माझं मुख्याध्यापकाचं खाकरणं काढलं. एका मुलीने मला खडीसाखरेचा खडा दिला. बाजूला सरकता जिनाही चालू होता. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे दात दाखवून राह्यलं. मी नाही जात." साधा जिना चढायला आता वेळ नव्हता. आम्ही रांगेत उभे राहिलो.

गाडी आमच्याकडे वेळेवर येते असं माझ्या हिशेबात नव्हतं. मी तिचा उशीर वीस मिनिटं धरून चाललो होतो. त्या दिवशी ती मिनिटाला मिनिट धरून आली. आम्ही नव्या पुलावर असतानाच घोषणा झाली. तीही स्वच्छ, प्रत्येक शब्द कळेल अशी. आईने माझा दंड घट्ट धरला. पलीकडच्या लिफ्टने दोन नंबरवर उतरलो तेव्हा गाडी उभी होती आणि दोन मिनिटं गेली होती.

बोगीचे नंबर दाखवणारे दिवे लागले होते. बी-दोन खूप पुढे, पार टोकाला. मी आईला म्हटलं, चाल. ती हलेना.

"तिकडं नाही गा. बाई नळापाशी गेली असंन."

"आई, तिले बोगीतच बसून राह्य म्हनून सांगतलं हाय."

"कोनाले सांगतलं?"

"दादाले."

"दादाले सांगतलं. तिले सांगतलं काय? तिले ऐकू येते काय?" आईचा आवाज चढला होता. "नळ नाही हे तुले मालूम हाय, मले मालूम हाय. तिले कोनं सांगतलं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. मावसभाऊ घाबरलेला. "अरे, आई उतरली! मी खालून बॅग काढत होतो, वर पाहतो तर जागेवर नाही. पाण्याची बाटलीपण नाही."

ऐंशीच्या पुढची बाई, कमी ऐकू येणारी, दहा मिनिटं थांबणाऱ्या गाडीतून उतरून नसलेला नळ शोधत होती. आणि तो नळ नक्की कुठे होता, हे त्याला काढून टाकणाऱ्या मला काही केल्या आठवेना. प्लॅटफॉर्मभर पत्रेच पत्रे, सगळ्या पत्र्यांवर तेच हसणारे लोक. मी उजवीकडे दहा पावलं गेलो, परत आलो.

आई मात्र खाली पाहत होती. फरशीत एक अरुंद पन्हळ होती, नळाचं सांडपाणी वाहून जायची. आता कोरडी, कचऱ्याने भरलेली. तिच्या कडेकडेने आई चालायला लागली. गुडघे धरून, डबा छातीशी घेऊन, माणसांतून वाट काढत. मी मागे. पन्हळ एका पत्र्याखाली शिरली होती आणि त्या पत्र्यासमोर मावशी उभी होती.

तिच्या हातात रिकामी बाटली होती. अंगात लोकरीचा ब्लाउज, डोक्यावरून पदर. ती पत्र्यावर बोटांनी टकटक करून पाहत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "इथं नळ होता ना? मेरी बहन यहीं आती है." कोणी थांबत नव्हतं.

"बाई!" आईने हाक मारली. मावशीला ऐकू गेली नाही. आईने जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

मावशी वळली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेल्या लहान पोरीसारखा होता आणि क्षणात उमलला. "काय वं," ती म्हणाली, "नळ कुठी गेला?"

"मरू दे वं नळ," आई म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघींचे डोळे भरले.

मी तिथे उभं राहून हे पाहायला हवं होतं. मावशीच्या पाया पडायला हवं होतं. पण मी घड्याळ पाहिलं. साडेपाच मिनिटं उरली होती आणि बी-दोन सहा बोग्या पुढे. दोघींचं चालणं मी पाहिलेलं. माझ्यातला समितीचा सदस्य जागा झाला. "तुम्ही इथीच उभ्या राहा," मी ओरडलो, "मी बॅटरीची गाडी आनतो." आणि पळालो.

बॅटरीची गाडी लिफ्टपाशी उभी होती, नवीकोरी, रिकामी. चालवणारा सीटवर पाय पसरून बसला होता.

"चला, दोन म्हाताऱ्या बाया हाय, बी-दोनपर्यंत सोडाच्या हाय."

"सवारी कुठी हाय?"

"तथी, पत्र्यापाशी."

"मंग इथी आना त्याईले. गाडी इथूनच सुटते."

"अहो, त्याईले चालता येत नाही म्हनून तं गाडी पाह्यजे!"

"साहेब, नियम हाय. स्टँडवरूनच सवारी घ्याची." तो शांतपणे म्हणाला. तेव्हा मला आठवलं. गाड्या प्लॅटफॉर्मवर कुठेही थांबून गोंधळ होतो, त्यांना ठरलेली जागा असावी, ही माझी सातवी सूचना होती. ती विचाराधीन आहे अशी माझी समजूत होती.

मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्याने ते हातात घेऊन फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हीच काय?" मी हो म्हणालो. "मंग अगुदर सांगाचं ना," तो म्हणाला आणि पाय खाली घेतले. गाडी निघाली. पुढे गर्दी, तो हॉर्न वाजवतोय, लोक हलतायत पण सावकाश. पत्र्यापाशी आलो तर तिथे कोणी नव्हतं.

मग मला त्या दिसल्या. पुढे, चार-पाच बोग्या पलीकडे. दोघींच्या पाठी. एक हात एकमेकींच्या हातात, आईच्या दुसऱ्या हातात डबा, मावशीच्या दुसऱ्या हातात ती रिकामी बाटली. आई डावीकडे झुकत होती, मावशी उजवीकडे, आणि तरी दोघी चालत होत्या, जमेल तेवढं भराभर. मी बॅटरीच्या गाडीत बसून, हॉर्न वाजवत, त्यांच्या मागे येत होतो आणि त्यांना गाठू शकत नव्हतो. गर्दी त्यांना वाट देत होती. आम्हाला देत नव्हती.

शिट्टी झाली तेव्हा मी गाडीतून उडी मारून पळालो. मावसभाऊ दारात होता, त्याने मावशीला दोन्ही हातांनी वर ओढून घेतलं. आईने डबा वर दिला. गाडी हलली. मावशी दारात त्याचा खांदा धरून उभी राहिली. तिचं लक्ष आईकडेच होतं. अगदी शेवटी तिने मला पाहिलं आणि नेहमीसारखी ओरडली, "बापू, किती वाळला गा तू! आईले पाह्य बरं!"

गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत आई हात वर धरून उभी होती. मग मी तिला बाकावर बसवलं. बाकाला पाठ नव्हती.

जाकीट घातलेली एक मुलगी जवळ आली. तिच्या हातात पाटीएवढा टॅबलेट होता. प्रवाशांचा अभिप्राय जागच्या जागी घ्यावा, ही समितीचीच कल्पना. "आजी, स्टेशन कसं वाटलं?" तिने हसरा, मधला आणि रडका असे तीन चेहरे दाखवले. आईने तिच्याकडे पाहिलं. मुलगी दमलेली दिसत होती. "सकाळपासून उभीच हाय काय वं तू?" आईने विचारलं आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मुलगी थँक्यू म्हणून गेली. पुढच्या बैठकीत तो आकडा आमच्यापुढे वाचला जाणार होता.

मी पाण्याची बाटली विकत आणून दिली. आई थोडं प्याली.

"काय बोलली मावशी?" मी विचारलं.

"बोलाले टाइम कुठी होता? चालत होतो ना आम्ही. तिचा दम भरला होता, माहा बी." तिने बाटलीचं झाकण लावलं. "लय बोलाचं होतं गा. रातभर मी मनातल्या मनात लावून ठेवलं होतं, हे आधी सांगीन, ते मंग सांगीन. काहीच नाही झालं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. लाज वाटली, सरळ शब्दांत सांगायचं तर. ओळखपत्र अजून गळ्यात लोंबत होतं, ते मी काढून खिशात घातलं.

"तो नळ काहून काढला असंन त्याईनं?" आई म्हणाली. "कोनाले काय तरास होता त्याचा?"

कंत्राटदाराचं नाव घेता आलं असतं. काम चालू आहे म्हणता आलं असतं. सकाळी म्हटलंच होतं. सहाशे मुलांना खरं बोलायला शिकवल्याचा मला निवृत्तीच्या दिवशी सत्कारात नारळ मिळालेला.

"त्याईनं नाही, आई," मी म्हणालो. "मी काढाले लावला. समितीत लिहून देल्लं होतं मी. तथी बाया गर्दी करते म्हनून."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. मी वाट पाहत होतो की ती आता बोलेल, रागावेल, लहानपणी घालायची तशा शिव्या घालेल. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती उठायला लागली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुले कसं मालूम असंन? तू कधी आत आला होता काय आमच्यासंग?"